डिजिटल होलोग्राफीने चित्र कूटबद्ध करताना या चुका टाळा

डिजिटल होलोग्राफीत वस्तूवरून आलेला प्रकाश आणि दुसरी लेसर शलाका यांच्या मिश्रणाची नोंद (होलोग्राम) कॅमेरा घेतो आणि संगणक तीतून प्रतिमा उभी करतो. चित्र कूटबद्ध करताना प्रकाशाच्या वाटेत यादृच्छिक मास्क ठेवतात; ते प्रकाशलहरीची फेज, म्हणजे तिचे पुढे-मागे असणे, जागोजागी कसेही बदलतात आणि उलगडण्याची किल्ली बनतात. किल्ली चुकली, मास्क सरकला, सूत्रातले एक चिन्ह उलटे पडले किंवा टेबल हादरले, तरी कूटबद्ध चित्र उलगडताना पडद्यावर ठिपक्यांचा सारखाच गोंगाट उमटतो आणि दोष कुठे आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून दोन्ही मास्क काढून आधी साध्या रिझोल्यूशन टार्गेटचा (बारीक रेषांच्या चाचणी पट्टीचा) होलोग्राम घ्यावा आणि त्याची प्रतिमा स्वच्छ उभी राहिल्यावरच एकेक मास्क परत बसवावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग आठवडाभर किल्लीलाच दोष देत बसतात.

रेफ्रेजियर आणि जाविदी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या दुहेरी यादृच्छिक फेज पद्धतीत एक मास्क चित्राच्या प्रतलात आणि दुसरा फूरिये प्रतलात (भिंग चित्राचे वारंवारतांमध्ये विभाजन करते तिथे) असतो, आणि तयार होणाऱ्या प्रकाशक्षेत्राचे प्रत्येक मूल्य संमिश्र संख्या असते, म्हणजे त्यात लहरीची उंची आणि फेज दोन्ही असतात. कॅमेरा मात्र फक्त तीव्रता नोंदवतो. त्या क्षेत्राचा थेट फोटो साठवला, तर फेज कायमची हरवते आणि अचूक किल्लीनेही चित्र परत मिळत नाही. वस्तूला न शिवता थेट कॅमेऱ्यावर येणारी संदर्भ शलाका लागते ती याचसाठी; तिच्यामुळे फेज तीव्रतेच्या पट्ट्यांत उतरते.

संदर्भ शलाका तिरकी पाडत असाल, तर कोनाला मर्यादा आहे, कारण दोन शलाकांच्या व्यतिकरणातून (मिसळण्यातून) उमटणाऱ्या एका उजळ-गडद पट्ट्याला किमान दोन पिक्सेल मिळावे लागतात. ६३२.८ नॅनोमीटरचा लेसर आणि ३.४५ मायक्रोमीटरचे पिक्सेल असतील, तर दोन शलाकांमधील कोन सुमारे ५ अंशांच्या पुढे नेता येत नाही. येथे एक गोष्ट हमखास निसटते: यादृच्छिक मास्क प्रकाश सर्व बाजूंना पसरवतो, त्यामुळे मास्कशिवाय नीट बसलेली मांडणी मास्क लावताच ही मर्यादा ओलांडते. अशा वेळी मास्कचे कण (एकाच फेजचे ठिपके) मोठे घ्यावेत किंवा वस्तू कॅमेऱ्यापासून दूर न्यावी. होलोग्रामचा स्पेक्ट्रम (फूरिये रूपांतर) काढून पाहिल्यास मधला डाग (बिनकामाचा प्रकाश) आणि बाजूचा डाग (चित्राची माहिती) एकमेकांत मिसळले आहेत का, हे लगेच दिसते.

संदर्भ शलाकेची फेज चार पायऱ्यांत सरकवून चार होलोग्राम घेण्याच्या पद्धतीत कोनाची ही अडचण फारशी येत नाही, पण चारही चित्रे होईपर्यंत मांडणी स्थिर राहावी लागते. मास्कविना घेतलेल्या चाचणीत मूळ प्रतिमेवर तिची धूसर जुळी प्रतिमा दिसली, तर आरसा सरकवणाऱ्या पिझो घटकाचे (विजेच्या दाबाने किंचित लांबणाऱ्या भागाचे) अंशांकन तपासावे, कारण पायरी ९० अंशांची पडत नसण्याची शक्यता मोठी असते.

होलोग्राम जेपेग स्वरूपात साठवू नये, कारण हे संकोचन बारीक तपशील टाकून देते आणि येथे माहिती नेमकी त्याच तपशिलात असते. जास्त प्रकाशाने पिक्सेल संपृक्त होऊ, म्हणजे कमाल मूल्यालाच अडकू, देऊ नयेत.

संगणकीय बाजूला, ० ते १ मधील यादृच्छिक संख्यांना २π ने गुणायचे राहिले की फेजचा पल्ला अपुरा पडतो, आणि तशाच मूल्यांचे दोन्ही मास्क वापरल्यास कूटबद्ध चित्रात मूळ आकृती ओळखू येते. उलगडताना मास्कऐवजी त्याचा संयुग्मी (फेजचे चिन्ह उलटे केलेला मास्क) घ्यायचा असतो, हेही अनेकदा विसरले जाते. प्रत्यक्ष मास्क असेल, तर तो एका कणाइतका सरकला तरी उलगडा बिघडतो. त्यामुळे मास्क पुन्हा त्याच जागी बसवणारा पक्का आधार असावा, किंवा प्रकाशीय बाजू फक्त कूटबद्ध करण्यापुरती ठेवून उलगडा संगणकावर करावा.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे गोंगाटासारखे दिसते म्हणून चित्र सुरक्षित मानणे. उलगडलेल्या चित्राची केवळ तीव्रता पाहायची असेल, तर पहिल्या मास्कची गरजच नसते; तो किल्लीच्या लांबीत मोजू नये. तरंगलांबी आणि अंतर यांनाही किल्ली म्हणतात खरे, पण अंतर थोडे चुकले तरी चित्र काही अंशी ओळखू येते, त्यामुळे संगणक शक्य अंतरे भराभर तपासू शकतो. शिवाय ही पद्धत रेषीय आहे, म्हणजे दोन चित्रांच्या बेरजेचे उत्तर हे त्यांच्या उत्तरांची बेरीजच असते. हल्लेखोराला एकच प्रकाशमान बिंदू कूटबद्ध करून मिळाला, तर त्या उत्तराच्या फूरिये रूपांतरातून दुसरा मास्क जवळजवळ जसाच्या तसा हाती येतो, आणि २००६ मध्ये पेंग व सहकाऱ्यांनी ज्ञात चित्र-जोडीवरूनही (मूळ चित्र आणि त्याचे कूटबद्ध रूप) किल्ली काढता येते, हे दाखवले. म्हणून एकाच मास्कने अनेक चित्रे कूटबद्ध करू नयेत. स्पेशियल लाइट मॉड्युलेटर (संगणकाच्या आज्ञेने प्रकाशाची फेज बदलणारा पडदा) असल्यास प्रत्येक चित्रासाठी नवा मास्क देता येतो, मात्र त्याच्या संख्या गुप्तलेखनासाठी योग्य अशा यादृच्छिक संख्यांच्या जनित्रातून घ्याव्यात. नेहमीच्या जनित्राला दिलेले बीज (सुरुवातीचा आकडा) ओळखले गेले की सगळे मास्क उघडे पडतात.