यूएसबी हार्ड डिस्क घ्यावी की नॅस? आधी हे तपासा

लॅपटॉप भरत आला की 'किती टीबीची डिस्क घेऊ?' असं विचारलं जातं. ते नंतर बघू. आधी हे ठरवा, की त्या फाइली किती जणांना आणि किती यंत्रांवर लागणार आहेत.

१. आठवडाभर नुसतं बघा

कोण, कुठून, काय उघडतं? सगळं काम तुमचं एकट्याचं आणि एकाच लॅपटॉपवर असेल तर यूएसबी डिस्क घ्या आणि थेट तिसऱ्या मुद्द्यावर या. पण एकच डिस्क हातोहात फिरत असेल, 'डिस्क कोणाकडे आहे?' ही हाक रोजची झाली असेल, फोनमधले फोटो फोनमध्येच अडकून पडले असतील, तर नॅसचा विचार करा. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, पोटात डिस्क असलेला छोटा संगणकच. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते, प्रत्येकाला वेगळं खातं आणि पासवर्ड देता येतो. म्हणजे अपडेट करणं, पासवर्ड सांभाळणं हेही कोणीतरी अंगावर घ्यावं लागतं. ते कोण करणार, हे खरेदीआधी ठरलेलं बरं.

२. राउटर उलटा करून बघा

इथे मी स्वतः फसलो आहे. नवाकोरा नॅस जोडला, २०० जीबी फोटो टाकायला घेतले आणि कॉपीच्या खिडकीतला आकडा सेकंदाला ११ एमबीच्या पुढे सरकेना. दोष नॅसचा नव्हताच. जुन्या राउटरचे लॅन पोर्ट, म्हणजे केबल लावायची खोबणी, १०० मेगाबिटचे होते. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे अशा पोर्टमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी जाणार! त्या हिशेबाने २०० जीबीला साडेचार-पाच तास. गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) पोर्टवर तोच वेग ११० एमबीच्या आसपास जातो आणि काम अर्ध्या तासात उरकतं. तेव्हा राउटरवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात 'गिगाबिट' शब्द शोधा. नॅस राउटरला केबलनेच जोडा. लॅपटॉप वायफायवर असेल तर वेग आणखी घसरतो, म्हणून पहिली मोठी कॉपी तरी त्यालाही केबल लावूनच करा.

३. यूएसबी घेताना पोर्ट आणि फॉरमॅट

यूएसबी २.० वर सेकंदाला जेमतेम ३५-४० एमबी मिळतात. ३.० वर साधी फिरती हार्ड डिस्कही १०० च्या वर जाते, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) तर त्याच्या कितीतरी पुढे. व्हिडिओ थेट डिस्कवरूनच एडिट करायचे असतील तर यूएसबीची एसएसडीच घ्या. साध्या घरगुती नॅसकडून ती अपेक्षा ठेवू नका.

फॉरमॅटकडे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीकडे, मात्र कोणी बघत नाही. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट निवडा, आणि ते डिस्क रिकामी असतानाच करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं.

४. राउटरच्या यूएसबी पोर्टचं काय?

काही राउटरना मागे यूएसबी पोर्ट असतो. त्यात आहे तीच डिस्क लावली की ती घरातल्या सगळ्यांना दिसते. अधूनमधून कागदपत्रं ठेवायला ठीक आहे. राउटरचा प्रोसेसर बेताचा असल्याने वेग मात्र बहुतेकदा रडतखडतच. तरी नॅस घेण्याआधी महिनाभर हे करून बघा. सामायिक साठवणीची खरंच गरज आहे का, ते फुकटात कळेल.

५. दोन डिस्कचा नॅस म्हणजे बॅकअप नव्हे

नॅसमधल्या 'रेड १' या मांडणीत दोन डिस्कवर तेच ते लिहिलं जातं. एक बिघडली तरी काम चालू राहतं, हे खरं. पण तुम्ही चुकून फोल्डर उडवलात तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी उडतो. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर) लॅपटॉपमध्ये शिरलं तर जोडलेल्या नॅसवरच्या फाइलीही कुलूपबंद करू शकतं.

म्हणून नॅस घेतलात तरी सोबत एक यूएसबी डिस्क लागतेच. ठरावीक दिवशी ती नॅसला लावा, बॅकअप घ्या, सुरक्षितपणे 'इजेक्ट' करा आणि काढून दुसऱ्या जागी ठेवा. एकदा तरी त्या बॅकअपमधला एखादा जुना फोटो उघडून बघा. उघडला तर बॅकअप आहे.