स्पोर्ट्स कार मॅन्युअल की पॅडल शिफ्ट? टेस्ट ड्राइव्हला हे बघा
लॅप टाइमच (ट्रॅकची एक फेरी कमी वेळात) हवा असेल तर सरळ पॅडलवाली (स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी) घ्या, तिच्या ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाल्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो नि दुसरा पकडतो, माणसाला एवढ्या फास्ट जमणारच नाही. पण चालवायची मजा मॅन्युअलमध्येच! पोर्शेने २०१३ च्या ९११ जीटी३ला मॅन्युअल दिलाच नव्हता, २०१७ ला परत दिला.

मॅन्युअल बघताना तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर या: ब्रेक दाबलेलाच ठेवून क्लच दाबा, उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलका टोला द्या, आरपीएम चढला की दुसरा टाकून क्लच सोडा, झटका बसता कामा नये. पाय पोचतच नसेल तर ती गाडी नको. पॅडलवालीत मॅन्युअल मोडला रेडलाइनवर (आरपीएमच्या वरच्या मर्यादेवर) स्वतःहून गिअर बदलतेय का तेवढं बघा.