परिरक्षक आणि वेष्टन निवडण्याआधी काय तपासावे

एखादा सॉस, जॅम किंवा सरबत विक्रीसाठी तयार करू पाहणारी व्यक्ती बहुधा पहिला प्रश्न विचारते तो असा : ‘यात कोणते प्रिझर्व्हेटिव्ह घालायचे आणि किती?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो दोन पायऱ्या आधीच विचारला जातो. कोणते परिरक्षक चालेल, कोणती बाटली चालेल, हे पदार्थाची आम्लता आणि त्यातील पाणी ठरवतात. ही दोन मापे हाती नसताना घेतलेला निर्णय हा अंदाजच असतो.

आम्लता सामूने, म्हणजेच पीएचने मोजतात. सामू जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्ल. येथे 4.6 हा आकडा लक्षात ठेवावा. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जीवघेणे विष तयार करणारा जिवाणू 4.6 पेक्षा कमी सामू असलेल्या पदार्थात वाढू शकत नाही. त्याची बीजाणू अवस्था, म्हणजे टणक कवचातले सुप्त रूप, मात्र साध्या उकळण्याने मरत नाही, आणि त्याला वाढीसाठी प्राणवायू नकोच असतो. म्हणजे हवाबंद डबा ही त्याच्या सोयीची जागा असते. म्हणूनच 4.6 च्या वरचा सामू असलेला पाणीदार पदार्थ डबाबंद करून बाहेरच्या तापमानाला ठेवायचा असेल, तर डब्याच्या मध्यभागी 121 अंश सेल्सिअस तापमान सुमारे 3 मिनिटे टिकेल अशी दाबाखालची प्रक्रिया करावी लागते. हे काम घरगुती कुकरवर अंदाजाने करू नये. ते तज्ज्ञाने ठरवून दिलेल्या वेळापत्रकानुसारच व्हावे.

सामू मोजताना एक चूक हमखास होते. पदार्थात फोडी किंवा तुकडे असतील, तर रसाचा सामू 3.8 दिसतो आणि फोडीच्या आत तो 5 च्या वर असू शकतो, कारण आम्ल आत मुरायला वेळ लागतो. त्यामुळे नमुना भरल्यावर निदान 24 तासांनी घ्यावा, तुकड्यांसकट वाटून एकजीव करावा आणि मगच मापन करावे. मीटर रोज 4 आणि 7 सामूच्या द्रावणांवर जुळवून घ्यावा. कागदी पट्टीचा रंग पाहून 4.4 आणि 4.7 यांत फरक करता येतो, असे मानणे धोक्याचे आहे.

दुसरे माप जलसक्रियता. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, हे ती सांगते. शुद्ध पाण्याची जलसक्रियता 1 धरली, तर बहुतेक जिवाणू 0.91 च्या खाली थांबतात, स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा चिवट जिवाणूही 0.85 च्या खाली विष तयार करण्याइतका वाढत नाही, आणि 0.60 च्या खाली बुरशीही वाढत नाही. साखर आणि मीठ पदार्थ टिकवतात ते हेच मोकळे पाणी बांधून. ‘साखर कमी’ अशी नवी आवृत्ती काढताना जुनेच परिरक्षक तेवढ्याच प्रमाणात पुरेल, असे म्हणूनच गृहीत धरू नये.

आता परिरक्षकाकडे वळू. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही दोन नावे सर्वाधिक आढळतात. दोन्हींचे काम त्यांच्यापासून बनणाऱ्या बेंझोइक किंवा सॉर्बिक आम्लाच्या न विघटित, म्हणजे पाण्यात न फुटलेल्या, रूपातूनच होते, कारण तेच रूप सूक्ष्मजीवाच्या पेशीत शिरते. बेंझोइक आम्लाचा सुमारे 91 टक्के भाग 3.2 सामूला या रूपात असतो, 4.2 ला 50 टक्के, आणि 5.2 ला जेमतेम 9 टक्के. तेच वजन, तीच पावडर, पण काम दशांशावर येते. सॉर्बेट त्यामानाने थोड्या जास्त सामूपर्यंत उपयोगी पडते आणि बुरशी व यीस्टवर चांगले चालते. सल्फाइट हे आणखी एक परिरक्षक रंगही राखते, परंतु काही व्यक्तींना, विशेषतः दम्याच्या रुग्णांना, त्याचा त्रास होतो. त्यामुळे लेबलवर त्याचा स्पष्ट उल्लेख हवाच.

मोजमाप ग्रॅममध्ये, बारीक वजनकाट्यावर करावे. चमच्याचे माप येथे उपयोगाचे नाही. शिवाय नियमांतील मर्यादा बहुधा आम्लाच्या रूपात दिलेली असते, तर आपण त्या आम्लाचा क्षार, म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम असलेले रूप, वापरतो. 1 ग्रॅम बेंझोइक आम्लासाठी सुमारे 1.18 ग्रॅम सोडियम बेंझोएट लागते आणि 1 ग्रॅम सॉर्बिक आम्लासाठी सुमारे 1.34 ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट. बेंझोएट आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मिश्रणात घालावे आणि त्यानंतर आम्ल घालावे. तीव्र आम्लात पावडर थेट टाकल्यास बेंझोइक आम्लाचे कण तळाशी बसतात. मग एका बाटलीत परिरक्षक जास्त आणि दुसरीत जवळजवळ नाही, अशी गत होते. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र असलेले पेय उष्णतेत व उजेडात राहिले, तर त्यात अल्प प्रमाणात बेंझिन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकते. अशा पेयात सॉर्बेटचा विचार आधी करावा. आणि अस्वच्छ भांड्यांची भरपाई कोणतेही परिरक्षक करत नाही.

वेष्टनाची निवड पदार्थाला कशापासून जपायचे आहे, यावरून होते. कुरकुरीत पदार्थाला बाष्प नको, तेलकट पदार्थाला प्राणवायू आणि उजेड नको. पॉलिइथिलीन बाष्प चांगले अडवते, पण प्राणवायू त्यातून सहज जातो. ईव्हीओएच हे प्लास्टिक प्राणवायू उत्तम अडवते, मात्र ओले झाले की दुबळे पडते. म्हणून त्याचा थर इतर दोन थरांच्या मध्ये दाबलेला असतो. पुरेशा जाडीची अखंड अॅल्युमिनियम फॉइल दोन्ही अडवते.

गरम भरणीचे, म्हणजे पदार्थ गरम असतानाच बाटलीत भरण्याचे, वेगळे पाहावे. आम्लयुक्त सॉस साधारण 85 अंशांना भरतात, तर साधी पीईटी बाटली 70 ते 80 अंशांच्या दरम्यानच मऊ पडते. भरताना ती ठीक दिसते. थंड झाल्यावर मात्र कंबरेत चेपलेली आणि झाकणाशी किंचित वाकलेली आढळते. तेथूनच हवा शिरते. अशा भरणीसाठी उष्णता सहन करणारी खास पीईटी, पॉलिप्रॉपिलीन किंवा आधी कोमट करून घेतलेली काच वापरावी.

पुरवठादाराकडून ‘फूड ग्रेड’ एवढाच शब्द स्वीकारू नये. कोणत्या प्रकारच्या अन्नासाठी, किती तापमानाला आणि किती काळासाठी चाचणी झाली, हे लेखी मागावे. युरोपीय संघात प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा प्रति चौरस डेसिमीटर 10 मिलिग्रॅम आहे, आणि आम्लयुक्त अन्नाऐवजी चाचणीत 3 टक्के अॅसिटिक आम्ल वापरतात. केवळ पाण्यावर तपासलेली पिशवी तेलकट मसाल्यासाठी योग्य ठरत नाही. छापील रोल घेताना आतली बाजू पांढऱ्या कापडाने पुसून पाहावी, कारण गुंडाळीत बाहेरची शाई आतल्या बाजूला उमटू शकते.

तारीख छापण्यापूर्वी अंतिम वेष्टनातील नमुने नेहमीच्या तापमानाला आणि त्याहून गरम जागीही ठेवावेत, ठरावीक अंतराने सामू, वास, रंग, झाकणाची पकड आणि सूक्ष्मजीव तपासून नोंदवावेत. प्रत्येक घाणीतील, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालातील, दोन-तीन बाटल्या तारीख उलटेपर्यंत राखून ठेवाव्यात, म्हणजे तक्रार आली की तीच घाणी उघडून पाहता येते.