भौमितिक चित्र घरी काढायचं, फ्रेम करायचं आणि भिंतीवर सरळ लावायचं

गोल, चौकोन, त्रिकोणाच्या चित्रात चूक लपत नाही. निसर्गचित्रात झाडाची एखादी फांदी इकडेतिकडे झाली तर कुणाला कळतही नाही, इथे मात्र टेपखालून मिलिमीटरभर रंग सरकला किंवा फ्रेम जराशी कलली तरी घरात येणाऱ्याला आधी तेच दिसतं. म्हणून सगळा जीव कडा आणि मापं यांच्यात ओतायचा, रंगांचं नंतर बघू.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, ए३ साइज सुरुवातीला भरपूर झाली. पातळ कागद ॲक्रिलिक रंगाच्या दोन हातांतच वळतो. रचना सुचत नसेल तर ठिपक्यांच्या रांगोळीसारखं करा, २-२ सेंटीमीटरवर पेन्सिलने अगदी फिकट ठिपके काढा आणि जोडत बसा, आमच्या आईला हे पाच मिनिटांत जमलं कारण हाताला सवय होतीच. फक्त सगळे आकार सारखे नकोत. डच चित्रकार माँड्रियानचं १९३० सालचं लाल-निळा-पिवळा चित्र बघा, लाल चौकोनाने बहुतेक जागा खाल्लीय, निळा खाली डाव्या कोपऱ्यात आणि पिवळा उजवीकडे चिमूटभर, काळ्या रेषांची जाडीसुद्धा सगळीकडे एक नाही. तरी चित्र कुठेच झुकत नाही!! रंग तीनच घ्या, वर काळा-पांढरा. कंपासचं टोक टेकवायचं तिथे टेपचा छोटा तुकडा लावा म्हणजे कागदाला भोक पडत नाही.

आता टेप, रंगाची कड सरळ यावी म्हणून. मास्किंग टेप (कागदी चिकटपट्टी) आधी जीन्सवर एकदा चिकटवून काढायची, चिकटपणा जरा कमी होतो आणि मग ती कागदाचा पापुद्रा ओढून काढत नाही. कागदावर लावली की कडेवरून नखाने दाबत जा. आणि ही खरी युक्ती, नवा रंग लावायच्या आधी टेपच्या कडेवर खालचाच रंग एकदा फिरवा, म्हणजे खाली पांढरं असेल तर पांढराच, तो फटीत शिरून वाळतो, मग वरून लाल द्या, लालला शिरायला जागाच उरत नाही. रंग पातळ करू नका, जाड एक हात देण्यापेक्षा दोन हलके हात द्या. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, तिरकी, स्वतःवरच दुमडत हळू ओढा. पिवळा रंग झाकत नाही, त्याला तीन हात लागतातच, धीर धरा.

स्वतः काढायचं नसेल तर प्रिंट लावा, त्यात कमीपणा काहीच नाही. भारतात चित्रकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, माँड्रियान १९४४ मध्ये गेले त्यामुळे त्यांचं चित्र छापून घेता येतं, पण नागपूरच्या कला शाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेले चित्रकार रझा २०१६ मध्ये गेले, त्यांचं बिंदूचं चित्र हवं असेल तर रीतसर प्रिंटच विकत घ्या. ए३ ला नीट छापायला फाइल साधारण ३५०० बाय ४९०० पिक्सेलची हवी, कमी असेल तर सरळ रेषेच्या कडेला पायऱ्या दिसतात. माँड्रियानचं ते मूळ चित्रही जेमतेम दीड फुटाचं आहे, उगाच चार फुटी करू नका.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी ठणकावून सांगा: चित्र मागच्या बोर्डाला गोंदाने चिकटवायचं नाही, आणि काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. माझं पहिलं चित्र एका दुकानात पूर्ण चिकटवून दिलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात त्याला लाटा आल्या आणि सगळ्या सरळ रेषा नागमोडी झाल्या, फार वाईट वाटलं होतं.

लावायची उंची: बहुतेक जण फार वर लावतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर आणा, घरात बसूनच बघणं होत असेल तर अजून थोडा खाली चालेल. खिळ्याचा हिशोब असा, फ्रेम २० इंच उंच आहे आणि मागची दोरी ताणल्यावर वरच्या कडेपासून २ इंच खाली येते, तर ५७ अधिक १० (फ्रेमची अर्धी उंची) वजा २, खिळा ६५ इंचांवर. सोफ्याच्या वर असेल तर चित्र किंवा चित्रांचा ग्रुप सोफ्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवा. आधी वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाचं कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या, जागा चुकली असेल तर येताजाता आपोआप कळतं. एका खिळ्यावर फ्रेम दार आपटलं तरी कलते, म्हणून दोन खिळे ठोका, काँक्रीटची भिंत असेल तर ड्रिल करून गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) घाला, आणि पाणसळ नसेल तर मोबाइलमधली लेव्हल वापरा.

ऊन थेट येतं ती भिंत नको, रंग उडतात. बाहेरच्या पावसाची ओल येणारी भिंतही नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते. जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून फ्रेम काढून मागे हात फिरवून बघा, गार-ओलसर लागलं तर दिवाळीपर्यंत चित्र आतल्या भिंतीवर हलवा.