कंपनीतल्या ज्ञानावर पीएचडी करताय? पद्धत अशी निवडा

मॅनेजमेंटच्या सिनॉप्सिसमध्ये (पीएचडीच्या आराखड्यात) ‘ज्ञान’ हा शब्द पानोपानी असतो, पण ते नेमकं कशाला म्हणायचं हे न ठरवताच बहुतेक जण प्रश्नावली बनवायला घेतात. आधी एका वाक्यात लिहा: तुमच्या लेखी ज्ञान म्हणजे इथून तिथे नेता येणारा ऐवज, की काम करता करता घडणारी गोष्ट?

ऐवज मानलात तर मोजमाप आलं. व्यवस्थापनाचे संशोधक गॅब्रिएल शुलान्स्की यांनी १९९६ साली आठ कंपन्यांमधली १२२ हस्तांतरणं तपासली. एका विभागात जमलेली कार्यपद्धती दुसरीकडे का रुजत नाही, हा प्रश्न. त्यांनी प्रश्नावली कार्यपद्धती देणाऱ्या बाजूला, ती घेणाऱ्या बाजूला आणि त्रयस्थालाही दिली. हे जरूर उचला. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाला विचारलेत, तर त्याचा मूड दोन्ही उत्तरांत उतरतो आणि नसलेला संबंध दिसू लागतो. प्रत्येक संकल्पनेसाठी तीन-चार विधानं ठेवा. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे ती विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७ च्या खाली आला तर विधानं तपासा. नुसते प्रतिसाद वाढवून भागत नाही. ज्ञान कुठून कुठे गेलं हे पाहायला पेटंटमधले जुन्या पेटंटांचे संदर्भ मोजणार असाल तर एक खोच आहे: त्यातले बरेच संशोधकाने नव्हे, पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने घातलेले असतात. अमेरिकी पेटंटांवर २००१ पासून ते वेगळे दाखवतात, ते गाळा.

ज्ञान कामात घडतं असं मानलंत तर शेजारी बसून पाहण्याला पर्याय नाही. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर झेरॉक्स कंपनीच्या फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. एका मशीनवर एरर कोड दिसत होता, मॅन्युअलप्रमाणे सुटा भाग बदलला, तरी मशीन चालेना. मग तंत्रज्ञ आणि त्याचा वरिष्ठ जुन्या बिघाडांचे किस्से एकमेकांना सांगत सांगत खऱ्या दोषापर्यंत पोहोचले. मुलाखतीत हे कुणी सांगितलं नसतं. म्हणून ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारू नका, उत्तरात मॅन्युअलच ऐकू येईल. ‘शेवटचा बिघाड कोणता? आधी कुठे हात घातला?’ असं विचारा. नोंदी त्याच रात्री सविस्तर लिहा आणि पाहिलेलं व तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यांत ठेवा.

राहिली जपानी अभ्यासक नोनाकांची चार चौकोनांची आकृती: मनातलं अव्यक्त ज्ञान आणि शब्दांत मांडलेलं ज्ञान एकमेकांत कसं बदलतं ते दाखवणारी. ती जवळपास प्रत्येक प्रबंधात चिकटवलेली असते. कुठलीही मुलाखत तिच्यात बसते, म्हणूनच ती पुरावा ठरत नाही. ती प्रकरणांची शीर्षकं म्हणून वापरू नका.

परवानगीच्या पत्रात ‘मुलाखती’बरोबर ‘कामाच्या जागी निरीक्षण’ हे शब्द सुरुवातीलाच घाला. नाहीतर एचआर तुम्हाला मीटिंग रूममध्ये बसवतं आणि एकेक माणूस आत पाठवत राहतं.