कारखान्यातल्या संगणकाचं घड्याळ मागे पडायचं, त्यावरचा उपाय

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात बिलाचा संगणक रात्री मेन स्विचवरूनच बंद होतो. मग मदरबोर्डवरचं घड्याळ पूर्णपणे सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या सेलवर चालतं. त्यात एप्रिल-मेचा चाळिशीपलीकडचा उकाडा, सेल लवकर उतरतो.

खूण अशी: सकाळी तारीख काही वर्षं मागे आणि प्रत्येक वेबसाइटवर सर्टिफिकेटची चूक. इथे बरेच जण ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. वेळ वाया जातो, दोष तिथे नसतोच; चुकलेल्या तारखेमुळे सर्टिफिकेट अवैध ठरतं.

प्लग काढा, पॉवरचं बटण ५ सेकंद दाबून धरा. संगणकाचं झाकण उघडा. आत तंतूंचा थर असतो, तो आधी मऊ ब्रशने झाडा. सॉकेटची पट्टी हलकेच बाजूला दाबली की सेल उडी मारून वर येतो. मल्टिमीटरवर मोजा, या सेलवर २.४ व्होल्ट दिसले. २.८च्या खाली गेला की बदलूनच टाकावा. नवा सेल कडेने धरा, अधिकची खूण वर.

आता बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) तारीख-वेळ हाताने भरा. ही पायरी गाळू नका: फरक १५ तासांहून जास्त असेल तर विंडोज इंटरनेटवरून वेळ सहसा सुधारतच नाही. नंतर सेटिंग्जमध्ये 'सिंक नाऊ'.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेल ठीक आहे. टाइम झोन तपासा, किंवा त्याच संगणकावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही आहे का ते पाहा. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेत. लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.