पावसाच्या नोंदी आणि आर: व्हेक्टर कसा बनवायचा, कसा वापरायचा

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर तालुक्यात घाटाचा पाऊस कोसळत असतो, तेव्हा पूर्वेकडचं अथणी कोरडं असतं. अशा जिल्ह्यातल्या पावसाच्या नोंदींवरून व्हेक्टर शिकणं सोपं जातं, कारण पर्जन्यमापकाची रोज सकाळी साडेआठला घेतलेली नोंद म्हणजे एकाच जातीच्या आकड्यांची क्रमवार रांग. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत व्हेक्टर म्हणजे नेमकं हेच. ही भाषा ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तयार केली. ती फुकट मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते.

टाइप करण्याआधी एक सूचना. इथे फंक्शनांची (आरला काम सांगणाऱ्या तयार आज्ञांची) नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि आकडे मराठीत छापले आहेत. कॉम्प्युटरवर फंक्शनं आणि व्हेक्टरची नावं रोमन छोट्या अक्षरांत टाइप करा, ट्रू (म्हणजे खरं) आणि एकटा एनए (म्हणजे नोंद नाही) मोठ्या अक्षरांत, आणि आकडे इंग्रजीच. एनए.आरएम आणि इझ.एनए मधला एनए मात्र छोट्याच अक्षरांत. मराठी किंवा कन्नड अंक आरला आकडे म्हणून कळत नाहीत.

पहिली पायरी: व्हेक्टर बनवा

सोमवार ते रविवार अशा सात दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत.

पाऊस <- सी(४२, ०, ७८.५, ६३, एनए, ११०, २४)

'सी' म्हणजे एकत्र बांधणं. बाणाची खूण उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवते. शुक्रवारी नोंद झालीच नाही, म्हणून तिथे एनए.

या एनएकडे नीट लक्ष द्या. नोंद नाही आणि पाऊस नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंगळवारचं शून्य खरं शून्य आहे, शुक्रवारचं काही माहीतच नाही. रिकाम्या जागी शून्य भरलं तर सरासरी ४५.३६ येते, एनए ठेवून ती नोंद वगळली तर ५२.९२. रोजच्या सरासरीत साडेसात मिलिमीटरचा फरक फक्त एका चुकीच्या शून्यामुळे पडतो, आणि आर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

दुसरी पायरी: जात तपासा

एका व्हेक्टरमध्ये एकाच जातीचा माल राहतो. आकड्यांत कुणी "गैरहजर" असा एक शब्द घातला, तर आर सगळ्या आकड्यांचं मजकुरात रूपांतर करून टाकतो. बेरीज मागितली तर निदान त्रुटी येते, चूक कळते. पण मॅक्स (सर्वांत मोठी किंमत) मागितलं तर उत्तर येतं, आणि ते चुकीचं असतं. वरचेच आकडे मजकूर झाले तर, तो शब्द आणि एनए वगळूनही, सर्वांत मोठा पाऊस ७८.५ निघतो, ११० नाही. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते, आणि ७ हा १ च्या नंतर येतो. म्हणून फाइल वाचली की आधी

क्लास(पाऊस)

चालवा. उत्तर 'न्युमेरिक' (आकडे) हवं. 'कॅरेक्टर' (मजकूर) आलं तर ॲझ.न्युमेरिक(पाऊस) वापरा. ज्याचा आकडा होऊ शकत नाही तिथे एनए बसतो आणि इशारा दिसतो. तो इशारा आला की मूळ वही उघडाच.

सीमाभागात ही अडचण हमखास येते, कारण वह्या मराठीत, काही कन्नडमध्ये, आणि टाइप करणाऱ्याने अंक तसेच उतरवलेले. '४२' मराठी अंकांत असेल तर ॲझ.न्युमेरिक त्याचाही एनए करतो. यावर उपाय चार्टआर, म्हणजे सी-एच-ए-आर-टी-आर. त्याला अवतरणात आधी दहा मराठी अंकांची ओळ द्या, मग त्याच क्रमाने दहा इंग्रजी अंकांची, आणि शेवटी व्हेक्टर. कन्नड अंकांसाठीही हीच रीत. त्यानंतर ॲझ.न्युमेरिक.

तिसरी पायरी: हवं ते उचला

चौकटी कंसात जागा सांगायची. मोजणी एकपासून सुरू होते.

पाऊस[२:४] मंगळ ते गुरुवार देतं.
पाऊस[-५] शुक्रवार सोडून बाकी सगळं देतं.
पाऊस[८] मागितलं तर त्रुटी नाही, एनए येतो. त्यामुळे जागा चुकली की नोंद नाही असा गैरसमज होतो.

पहिले तीन दिवस वगळायचे असतील तर पाऊस[-(१:३)] असंच लिहा. आतला कंस विसरला की आर उणे एकपासून तीनपर्यंतची रांग बनवतो आणि अडतो.

अटीवरून निवडणं जास्त कामाचं. हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे मुसळधार.

पाऊस[पाऊस >= ६४.५]

उत्तर ७८.५, एनए, ११०. मधला एनए शुक्रवारचा: तो दिवस मुसळधार होता की नाही हे आरला ठाऊक नाही. तो नको असेल तर अट 'विच' मध्ये गुंडाळा. विच(पाऊस >= ६४.५) जागा देतो, ३ आणि ६. एनए शोधायला मात्र == ही बरोबरीची खूण चालत नाही, इझ.एनए(पाऊस) हवं.

चौथी पायरी: नावं लावा

नेम्स(पाऊस) <- सी("सोम", "मंगळ", "बुध", "गुरु", "शुक्र", "शनि", "रवि")

आता पाऊस["गुरु"] म्हटलं की ६३. तालुक्यांची नावं लावताना वर्तनी एकच ठरवा. बेळगाव, बेळगांव आणि बेळगावी आरला तीन वेगळी गावं वाटतात. शेवटची रिकामी जागासुद्धा फरक करते, ती ट्रिमडब्ल्यूएस फंक्शनने काढा.

पाचवी पायरी: हिशेब करा

सम(पाऊस, एनए.आरएम = ट्रू)

एकूण ३१७.५. एनए.आरएम = ट्रू म्हणजे एनए वगळून मोज. ते न लिहिल्यास उत्तर एनए. मीन (सरासरी) आणि मॅक्सलाही हेच लागू. २.५ मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे पावसाचा दिवस, आणि खरं-खोटं आर एक-शून्य म्हणून मोजतो, म्हणून सम(पाऊस >= २.५, एनए.आरएम = ट्रू) पाच दिवस सांगतं. इंचातल्या जुन्या नोंदी असतील तर सगळ्या व्हेक्टरला २५.४ ने गुणा, एकेक आकडा घेऊन बसायचं कारण नाही. चढती बेरीज देणाऱ्या कमसमला एनए.आरएमची सोय नाही. तो शुक्रवारपाशी एनए होतो आणि पुढचे सगळे एनएच राहतात.

दोन व्हेक्टर वजा करताना लांबी आधी तपासा. खानापूरचे सात आणि अथणीचे सहा दिवस असतील तर आर अथणीचा पहिला दिवस पुन्हा वापरतो आणि इशारा देऊनही उत्तर छापतो. खानापूरचे चौदा आणि अथणीचे सात असतील तर इशाराही नाही, कारण सात चौदामध्ये पुरता बसतो, आणि अथणीचा तोच आठवडा दोनदा मोजला जातो. वजाबाकीच्या आधी ही ओळ टाका:

स्टॉपइफनॉट(लेंग्थ(खानापूर) == लेंग्थ(अथणी))

लांबी जुळली नाही तर काम तिथेच थांबतं. तारखा जुळतात का, ते मात्र नावांवरून तुम्हीच पाहायचं.